मी हयात असल्याबद्दल

सौ. वसुमती,

तुझा पासपोर्ट आला. त्यात तू विधवा आहेस. चौकशीला आलेल्या पोलिसाने नवऱ्याचं नाव विचारलं आणि तू रिवाजाप्रमाणे मान खाली घातलीस. भल्या माणसाने दुसरी चौकशीच केली नाही. आता मयत नवऱ्याची हमी चालत नाही म्हणून तुझं तिकीट अडलंय. बोट शुक्रवारी. लंडनला आपल्या लेकीचे, अहल्येचे दिवस भरत आलेत, जवळ कोणी नाही.

मी स्वतःला दाखवायला मद्रासच्या पासपोर्ट कचेरीत निघालोय. नुसत्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास बसेलसं वाटत नाही. शेजारी प्रेमाक्कांकडे फोन येईल, साहेब नवऱ्याचं नाव विचारतील. हात जोडतो, उखाणा नको, नुसतं नाव घे. खाली पूर्ण लिहिलंय. मोठ्याने म्हणून बघ.

हयवदन रामचंद्रराव