लिफ्ट हेही यंत्रच

३ जून, मंगळवार
ऑफिस बाराव्या मजल्यावर गेलं. लिफ्टचं दार मिटलं की माझा श्वास मिटतो, म्हणून महिनाभर जिना. वर पोचेपर्यंत छातीचा भाता होतो. साहेबांना वाटतं, पोरगी आजारी. सतरा तारखेला मला कायम करण्याची मुलाखत आहे.
आज डॉक्टरांनी चिंतेवर गोळी दिली. सकाळी एक. सुरुवातीला झोप येईल, दारू नको, गाडी नको, मनानं बंद करायची नाही. आता लिफ्ट माझी दासी. उद्यापासून सुरू.

४ जून, बुधवार
सुरू नाही. आमच्याकडे नवं औषध आणि नवी चप्पल सुट्टीच्याच दिवशी. मला पहिली अक्षरं आत्यानं घरीच शिकवली, त्यांच्याबरोबर हाही नियम गिरवून घेतला. रविवारी नक्की.

८ जून, रविवार
सर्दी. काल रात्री खोकल्याचं औषध घेतलेलं. औषधवाल्याला फोन केला. म्हणाला, दोन्हींनी गुंगी येते, एकत्र नको. विचारलं म्हणून वाचले! गोळी पुढच्या रविवारी. दादा म्हणाला, तोवर तू चिंता पुरवून वापर.

११ जून, बुधवार
आत्या आली. पर्समधून स्वतःची गोळी काढून म्हणाली, हीच गं ती, अर्धी घे. दुसऱ्याचं औषध का घेऊ नये, ते मी तिला तोंडपाठ सांगितलं. ती म्हणाली, कार्टे, तुला वाचायला शिकवलं तिथंच चुकलं.

१५ जून, रविवार
घेतली! आईला समोर बसवून. धडधड खरंच बसली. निवांत झाले आणि निवांतपणे पाकिटातला कागद पुन्हा वाचला. यंत्र चालवू नये.
लिफ्ट यंत्र नाही तर काय? बटण दाबेल तो चालक. म्हणजे गोळीशिवाय लिफ्ट जमत नाही, गोळी घेतल्यावर चालत नाही. दादा म्हणाला, मग मिक्सरलाही हात लावू नकोस. लावला नाही. वॉशिंग मशीनलाही नाही. आई म्हणाली, औषध गुणाचं दिसतंय.

१६ जून, सोमवार
गोळी घेतली. जिना. डॉक्टरांना फोन. म्हणाले, अहो, लिफ्ट चालवायची नसते, आत नुसतं उभं राहायचं. पण हसत म्हणाले. हसत दिलेला सल्ला मी धरत नाही.

१७ जून, मंगळवार, संध्याकाळ
गोळी वेळेवर. जिना वेळेवर. सातव्या मजल्यावर पापण्या जड झाल्या, म्हणून पायरीवर जरा टेकले.
डोळे उघडले ते तळमजल्याच्या बाकावर. वॉचमन काका म्हणाले, ताई, मुलाखती केव्हाच उरकल्या, साहेब म्हणालेत आता तीन महिन्यांनी बघू. विचारलं, मला खाली आणलं कसं? म्हणाले, लिफ्टनं, सफाईवाल्या मावशींच्या खांद्यावर मस्त घोरत होता की!
सात मजले. दार बंद. काहीच झालं नाही.
पण मी झोपेत होते, तेव्हा ते धरायचं नाही. शिवाय बटण काकांनी दाबलं होतं.
उद्यापासून लवकर निघणार. जिन्यातली डुलकी धरून.