हिरवी बांगडी आणि चिखलदऱ्याची शेकोटी

बाबा, चिखलदऱ्याच्या बंगल्यातली ती भिंतीतली शेकोटी पुन्हा उघडली. साहेब लोक जिला फायरप्लेस म्हणतात तीच, तुम्ही विटांनी बुजवलेली. ती पडली असती. पडली नाही ती माझ्यामुळे, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, तेव्हा नीट वाचा.

आठवा, मी दहा वर्षांची आहे. आई आजारी, म्हणून तिच्या जागी मला डोक्यावर घमेलं देऊन तुम्ही परतवाड्याहून वर आणलं आहे. धुराड्यातून वटवाघळं खोलीत येतात, शेकोटी बुजवून टाका, एवढंच तिथल्या साहेबांनी सांगितलेलं. तुम्ही वाकून कमानीच्या पोटात बघता, तिथं केसाएवढी चीर आहे. मग माझा हात धरता आणि बहिरमच्या जत्रेत घेतलेली हिरवी बांगडी काढून कट्‌दिशी मोडता. मी रडत म्हणते, "माही बांगडी फुटली." तर वर तुमचंच ओरडणं, "फुटली म्हनू नाई. वाढली म्हन." चिरेवर तो तुकडा आडवा धरून दोन्ही टोकं तुम्ही चुन्याच्या गोळ्यात बसवली. भिंत हालली की बांगडीला समजतं, म्हणालात. तिसऱ्या दिवशी तुकडा मधोमध वाढलेला होता. तुम्ही तो बघितला आणि मग बांधकाम सुरू केलं. शेवटच्या थराच्या वर जी फट राहिली तिच्यात विटेच्या चिपा हातोडीनं ठोकून ठोकून घट्ट केल्या. मी विचारलं, "वटवाघळासाठी इतकं ठोकता काहून?" तुम्ही म्हणालात, "रेजाचं काम मसाला आनायचं. तोंड चालवू नोको."

रेजाच राहिले मी, चुना-वाळूचा मसाला वाहणारी मजूरबाई, पुढची पंधरा वर्षं. तुम्ही गेल्यावर थापी हातात घेतली आणि आता चिखलदऱ्यापर्यंत लोक मला मिस्त्रीबाई म्हणतात. घ्या.

तर बंगला आता अकोल्याच्या एका बाईंनी घेतला आहे, पाहुणे ठेवायला. शेकोटी त्यांनी उघडून घेतली आणि गिलाव्यासाठी मला बोलावलं. मी गेले तेव्हा तुमच्या विटा अंगणात रचलेल्या होत्या. रविवारी बाईंच्या घरची पंधरा-वीस माणसं येणार होती, लेकराबाळांसकट, आणि विस्तवासमोर बसणार होती. मी आत डोकं घातलं, मोबाईलचा उजेड वर मारला, तर हिरवं काहीतरी चमकलं. चुन्याचे दोन गोळे आणि त्यांच्यात माझी बांगडी. दोन तुकड्यांच्या मध्ये माझी करंगळी गेली बाबा, आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही इतकं ठोकत का होतात. ती वटवाघळांसाठीची भिंत नव्हतीच. तो टेकू होता. इतकी वर्षं कमान आणि तिच्यावरचं सगळं धुराडं त्या चिपांवर बसलेलं होतं.

बाईंनी कामावर ठेवलेला अमरावतीचा इंजिनियर तिथंच होता, तिशीतला, शहरात वाढलेला. मी म्हटलं, "पयले टेकू लावा. मंग बोला."

"मावशी, इंग्रजांच्या वेळची कमान आहे. इतकी वर्षं उभी आहे, ती आत्ताच पडणार का?"

"इटाइवर उभी होती. इटा तुमीच काढल्या."

"कशावरून म्हणता? काही कागद आहे?"

"बांगडी हाय."

तो हसला. बाई म्हणाल्या, "अहो, रविवारी माणसं येणार आहेत." मी थापीच्या दांड्यानं कमान ठोकून दाखवली. डावीकडे वीट टणटण बोलत होती, उजवीकडे भद्द, ओल्या मडक्यासारखी. त्यांना काही फरक ऐकू येईना. माझं डोकं फिरलं. हातातली लाल बांगडी काढली, मोडली, चिरेवर सिमेंटनं बसवली. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "सकाळपर्यंत कोनी आत जायचं नाई," म्हटलं आणि घरी गेले.

सकाळी येऊन कुलूप उघडलं, बघितलं आणि इंजिनियरला फोन लावला. "बांगडी वाढली."

"वाढली म्हणजे? लांब झाली का?"

"फुटली रे बापा. तुह्या घरी बायका बांगड्या भरत नाईत काय?"

तो आला. वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. नंतर बाहेर जाऊन स्वतः लाकडी बल्ली खांद्यावर घेऊन आला आणि विचारलं, "मावशी, कुठे लावू?" तुम्ही तिथं असायला पाहिजे होतं.

बाईंची माणसं त्या रविवारी व्हरांड्यात जेवली, तोंडं पाडून. मी वरचा भार टेकूंवर घेतला आणि कमान एकेक वीट करून उतरवली. उजवीकडच्या सहा विटांचा हातात चुरा झाला. नवी कमान बांधली, मधली वीट ठोकून बसवली, तीन आठवडे पाणी मारलं, मग टेकू काढले. नवी बांगडी लावली. पंधरा दिवस गेले तरी ती वाढली नाही. तेव्हा बाईंनी काडीपेटी माझ्या हातात दिली. धूर सरळ धुराड्यात वर गेला. मी त्या विस्तवासमोर साहेबाच्या खुर्चीत चपला काढून बसले आणि दोन कप चहा प्याले.

पण तुमची चूक सांगते. टेकू आहे हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही. माझ्यावर ओरडण्याऐवजी तेवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी ओल्या गिलाव्यात खिळ्यानं लिहून ठेवलं आहे: चिर दीसली तर आदी टेकु लावा. इंजिनियर म्हणाला, यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत. म्हटलं, असू दे, कमान तर सरळ आहे.

मग त्यानं विचारलं, "आधी ही बुजवली कोणी? माणूस हुशार होता." मी म्हणाले, "मले काय मालूम."

तुमचं नाव ओठावर आलं होतं. दिलं नाही. तो एक दिवस मला एकटीला पाहिजे होता. हिरवे दोन तुकडे मात्र कमान उतरवताना पदरात बांधून आणले. भिंत सरळ आहे का बघायला तुम्ही सोडायचात त्या ओळंब्याच्या डबीत ठेवले आहेत, हा कागदही त्याच डबीत घालते.