दोन खोल्यांचा प्रासाद

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरं भाड्याने लावून देणाऱ्या ऑफिसात मी जाहिराती लिहितो. माझी भाषा हीच ऑफिसची खरी इस्टेट, पण साहेबांना त्याचा पत्ता नाही. संकल्प: महिनाअखेर नोकरीत कायम होणे.

३ जून
टुमदार म्हटलं की बंगलाच येतो, टोलेजंग म्हटलं की इमारत. वर्षानुवर्षं तेच संसार. मी या जोड्या मोडणार. आज ‘टोलेजंग कोठी’ दिली. वस्तुस्थिती: तळमजला, दीड खोली.

५ जून
कोठीसाठी एकच फोन. किराणा दुकानदार. किती पोती मावतील, उंदीर आहेत का. उंदरांचं खरं सांगितलं. फोन ठेवून दिला त्याने. टायपिस्टबाई रुमालात तोंड खुपसून हसत होत्या. लोकांना कोठी म्हटलं की धान्यच आठवतं, त्याला मी काय करू?

९ जून
वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी ‘माडी’. गोड, घरगुती शब्द. खाली माझी खास ओळ: ‘संध्याकाळी आमच्या माडीवर अवश्य या.’ गडबडीत ऑफिसऐवजी साहेबांच्या घरचा नंबर गेला. हरकत नाही.

१० जून
हरकत होती. रात्रभर फोन. सगळे पुरुष. खोलीबद्दल एकानेही विचारलं नाही. एकाने विचारलं, गाणं किती वाजता सुरू होतं. फोन साहेबांच्या सासूबाई घेत होत्या. साहेबांनी केबिनमध्ये जे सुनावलं त्यातला लिहिण्याजोगा भाग एवढाच: पुढची जाहिरात फुकट गेली तर मी घरी बसायचं. घरी हिला सांगणार नव्हतो. टायपिस्टबाईंनी सांगितलं. ही म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना.

१३ जून
सत्यानाश. आमच्या घरमालकीणबाई ऑफिसात आल्या. घर भाड्याने लावायचंय म्हणाल्या. पत्ता माझाच! आमचा करार संपतोय आणि मी नळासाठी त्यांचं डोकं खातो, म्हणून नवे भाडेकरू हवेत. मला बघून ओशाळतील असं वाटलं. कसल्या ओशाळतायत. म्हणाल्या, “बरं झालं. तुम्हाला घर आतून माहीत आहे. तुम्हीच लिहा.”
साहेबांना ही कल्पना फारच आवडली.
जाहिरात चालली तर घर जाणार. नाही चालली तर नोकरी.

१४ जून
ही रडली. मुलीची शाळा गल्लीच्या टोकाला. हिचं शिवणाचं मशीन खिडकीशी आणि गिऱ्हाइकं सगळी याच गल्लीतली. दुसरीकडे जाऊन परत शून्यापासून मांडायचं का, म्हणाली. साहेबांना सरळ सांगा, मला हे जमणार नाही. सरळ! हिला धंदा कळत नाही. माझ्याकडे योजना आहे.
एवढा मोठा शब्द घालायचा की बघायला येणारा दारातच उखडला पाहिजे. मग साहेबांना म्हणायचं, माणसं मी आणली, घराने घालवली. घर शाबूत, नोकरी शाबूत. इतकी सोपी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

१६ जून
छापून आली. ‘चिरेबंदी प्रासाद! दिवाणखाना, मुदपाकखाना, सज्जा.’ भिंतींना चिरा आहेत, म्हणजे चिरेबंदी अगदीच खोटं नाही. मुदपाकखान्यात दोन माणसं उभी राहिली की एकाला दिवाणखान्यात जावं लागतं. सज्जा म्हणजे जिथे ही फडकी वाळत घालते ती जागा.

१८ जून
पहिलं गिऱ्हाईक दारातूनच हसत परत गेलं. हिला म्हटलं, बघ. हिने मशीन चालू केलं.

२२ जून, रविवार
एक निवृत्त मास्तर आले, बायकोला घेऊन. उंबऱ्यातच थबकले. म्हणाले, “हा प्रासाद? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”
गप्प बसायचं ठरलेलं होतं. बसलोही असतो. पण गाढव? दोघांना आत घेतलं. प्रासाद कशाला म्हणतात ते समजावलं. सकाळचं ऊन खिडकीतून थेट मशीनवर कसं उतरतं ते दाखवलं. उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की वारा कसा खेळतो ते सांगितलं. भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा, म्हणजे मुलीची दर वर्षाची उंची, त्याही दाखवल्या. ही स्वयंपाकघराच्या दारातून सारख्या खुणा करत होती. मला वाटलं, चहा टाकू का विचारतेय. मी हो म्हटलं.
मास्तरांच्या बायकोने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, किती मायेने राहता हो तुम्ही. मास्तर जाताना हात हातात घेऊन म्हणाले, तुमचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. इतक्या वर्षांत माझ्या भाषेची अशी कदर कुणी केली नव्हती. दिवसभर खुशीत होतो.

२३ जून
मास्तरांनी घर घेतलं.
साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. टायपिस्टबाईंनीही टाळ्या वाजवल्या. नोकरीत कायम केल्याचं जाहीर झालं. चुकलं कुठे ते समजेना. योजना बरोबर होती. मास्तरच चुकीचे निघाले.
घरी आलो तर ही मशीनपाशी नुसतीच बसलेली. म्हटलं, “अगं, कायम झालो.”
ही म्हणाली, “कुठे?”

२६ जून
ही ऑफिसात आली. माझ्याकडे न बघता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. साहेबांनी अदबीने विचारलं, काय हवंय वहिनी. घर, म्हणाली. साहेब मला म्हणाले, घ्या लिहून, तुमच्या खास शैलीत.
लिहिलं: घर पाहिजे.
साहेब थांबले. टायपिस्टबाई थांबल्या. पुढे काही सुचेना. डोळे भरून आले होते, कागद नीट दिसत नव्हता. तेवढंच छापायला दिलं.