शनिवारचं मोठं मडकं

मॅसॅच्युसेट्स, ऑक्टोबर १८५१
शनिवार

प्रिय जोथम,

परगावची व्याख्यानं आटपून तू परतशील तेव्हा हे पत्र शेजारची ऑर्फा टटल तुला पाणचक्कीच्या वळणावरच देईल. तिच्या हातात भट्टीत भाजलेल्या घेवड्याच्या दाण्यांचं मडकंही असेल. तिच्याशी वाद घालू नकोस. तिथंच एखाद्या ओंडक्यावर बस आणि शेवटपर्यंत वाच, मगच पुढे पाऊल टाक. तोंडी निरोप मुद्दामच दिला नाही, कारण बोललेलं तू ऐकत नाहीस. समोरचा अर्ध्यावर आला की डोळे मिटून स्वतःचं सुरू करतोस. लिहिलेलं मात्र वाचतोस, आणि त्यात तुझं नाव असेल तर फारच मन लावून. यात ते जागोजागी आहे, काळजी करू नकोस.

बुधवारच्या गावातल्या तुझ्या व्याख्यानाची हकीकत कळली. विषय ‘माणसाच्या गरजा’. वा! ऑर्फा पुढेच बसली होती. तू म्हणे हात पसरून सांगितलंस, माझी सख्खी बहीण पाहा, एकटी बाई, घरात दुसरं चिटपाखरू नाही, आणि शनिवारी घेवड्याचं लहानसं मडकं भाजणाऱ्या या बाईच्या भट्टीत आता चौघांना पुरेल एवढं मोठं मडकं जातं, तेही आठवड्यातून दोनदा! गरजांना एकदा दार उघडलं की त्या अशा घरात शिरतात! लोक खो खो हसले. मागच्या बाकावरचे दोघे तेवढे हसले नाहीत. तेच ते, मेरीलँडहून आलेले, खानावळीत उतरून दिसेल त्याला प्रश्न विचारत फिरणारे. त्यांनी टोप्या उचलल्या आणि गेले. तुला वाटलं असेल, तुझा विचार त्यांना झोंबला. ऑर्फा मात्र तुझं टाळ्यांचं वाक्य यायच्या आत उठली आणि धापा टाकत माझ्या दारात आली. म्हणाली, “केझाया, तुझ्या भावानं भर सभेत तुझं मडकं फोडलं गं बाई!”

अरे शहाण्या, एकटी बाई मोठं मडकं का भाजते, हा प्रश्न तुला पडला आणि उत्तरही तूच देऊन मोकळा झालास. मला विचारावंसं वाटलं नाही? माझ्या तळघरात महिनाभर सॅब्रा आणि तिचा म्हातारा बाप राहत होते. मेरीलँडच्या तंबाखूच्या मळ्यातून पळून आलेले गुलाम. म्हाताऱ्याच्या पायाची दोन बोटं वाटेतल्या जखमेनं गेलीत. तो बरा चालू लागला की उत्तरेला कॅनडात पोचवायचं ठरलं होतं. दर शनिवारी तू रानातून यायचास, डुकराच्या मांसाचा तुकडा नाक मुरडून बाजूला काढायचास आणि त्याच्याच चरबीत भिजलेले दाणे बोटं चाटून खायचास. तुझ्या खुर्चीखाली, फळीच्या पलीकडे, ती दोघं श्वास रोखून बसायची. गुलामांच्या हातची काकवी नको म्हणून मी दाण्यांत मेपलच्या झाडाचा पाक घालते, त्यावरही तू भाषण दिलंस. सॅब्रा ते खालून ऐकत होती. तू गेल्यावर वर येऊन म्हणाली, “काकवीवर एवढा राग! काकवी करणाऱ्यांची विचारपूस नाही केली ती त्यांनी?”

तुझ्या झोपडीबद्दल तिला फार कुतूहल. एक खोली, एक खुर्ची, एक वाडगा, आणि एवढ्यासाठी माणूस आपण होऊन घर सोडून गेला? हसून हसून तिची पुरेवाट झाली. तिचा जन्म तसल्याच खोलीतला, खिडकी तेवढी नव्हती. “आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साधेपणानं राहिलो, ताई,” म्हणाली, “पण त्यावर तिकीट लावून बोलता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” मी तुझी बाजू घेतली नाही. कुठल्या तोंडानं घेणार? टटलच्या बैलांनी ओंडके ओढले, छपराला लाकूड माझ्या गोठ्याचं, सदऱ्याचं कापड मी विणलेलं, आणि तू म्हणणार मी स्वतःच्या पायावर उभा आहे. उभा आहेस रे, पण खाली कुणाकुणाच्या पाठी आहेत ते एकदा वाकून तरी बघ.

तुला सांगितलं का नाही, हे विचारशीलच. कारण तू खोटं बोलत नाहीस. अख्ख्या गावाला हे पाठ आहे. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात तुझा हात धरून विचारलं होतं, “बरा होईन ना रे?” आणि तू म्हणालास, “नाही.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते परत वळवलंच नाही. तू अंगणात जाऊन म्हणालास, सत्य जड असतं. मला त्या दिवशी तुझी शिसारी आली होती, जोथम. आजही येते. असल्या माणसाला मी तळघरातली माणसं दाखवीन? कुणी विचारलं असतं तर तू छाती काढून सांगितलं असतंस, आणि वर स्वतःवर खूश झाला असतास.

गुरुवारी सकाळी मेरीलँडचे ते दोघे, पळालेले गुलाम धरून नेणारे, मार्शलची सरकारी माणसं घेऊन आले. तळघरात गवताच्या गाद्या सापडल्या, म्हाताऱ्याची काठी सापडली, माणसं नाही सापडली. मी म्हटलं, गाद्या बटाट्यांसाठी आहेत. म्हटलं, काठी माझी आहे. म्हटलं, मडकं मोठं आहे कारण मी अधाशी आहे, हवं तर माझ्या भावाला विचारा, त्याचं यावर व्याख्यान आहे. एकामागून एक खोटं बोलले आणि जीभ जराही अडखळली नाही. पळालेल्यांना थारा दिला म्हणून त्यांनी मला गाडीत घातलं. तेव्हापासून मी जिल्ह्याच्या तुरुंगात आहे, हे पत्र तिथूनच लिहितेय. अन्यायी राज्यात भल्या माणसाची खरी जागा तुरुंगातच, असं तू किती सुंदर म्हणतोस! ये की मग एकदा बघायला. भिंती ओल्या आहेत, बादलीला झाकण नाही, आणि शेजारची दारुडी बाई सदान्‌कदा गाते. भल्या माणसांची गर्दी मात्र दिसली नाही. जेलरची बायको ऑर्फाची मावसबहीण आहे, म्हणून कागद मिळाला.

आता मुद्द्याचं. बुधवारी तू व्याख्यानावरून तसाच परगावी गेलास, आणि ऑर्फा सांगून गेली तशी मी सॅब्राला आणि तिच्या बापाला घेऊन रानात शिरले आणि तुझ्या झोपडीत आणून सोडलं. फरशीच्या फळ्यांखाली तू बटाट्यांसाठी तो भलामोठा खड्डा खणला आहेस ना, त्यात. तुझ्या बटाट्यांनी त्याचा तळही कधी झाकला नाही, देवाची कृपा. झोपडी कुणी तपासलेली नाही, कारण तुझ्या दाराला कुलूप नाही आणि तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे तू सगळ्या गावाला ऐकवून ठेवलं आहेस. पण मेरीलँडवाले तुझी वाट पाहत आहेत. तू परत आलास की येऊन विचारतील, आज नाहीतर उद्या सकाळी. उद्या लोक चर्चमध्ये असताना ऑर्फाचा नवरा, डीकन टटल, सॅब्राला आणि म्हाताऱ्याला उत्तरेला न्यायला गाडी जुंपणार आहे. चर्चचा कारभारी, आणि रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, घोडा! जन्मात कधी केलं नाही त्यानं. काल ऑर्फा सांगत होती, तो दहादा उठून लगाम तपासून येतोय. पण तो येणार आहे.

तर त्यांनी विचारलं की तू म्हणायचं, “नाही, माझ्याकडे कुणी नाही.” बस, एवढंच. आत्मा, निसर्ग, विवेक यांतला एक शब्दही पुढे जोडायचा नाही. हसायचं नाही, खाली बघायचं नाही. माझ्या दहा खोट्यांवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. तुझ्या एकावर ठेवतील आणि उंबऱ्यावरूनच परत जातील, कारण तू मरत्या बापाशीही खोटं बोलला नाहीस हे त्यांना गावातलं कुणीही सांगेल. वडिलांनी तुझ्या त्या खरेपणाची किंमत मोजली, जोथम. ती वाया जाऊ देऊ नकोस. हात जोडते. मला सोडवायला येऊ नकोस, माझ्यावर व्याख्यान देऊ नकोस, फक्त एकदा खोटं बोल. पत्र चुलीत घाल. मडकं ऑर्फानं माझ्याच भट्टीत भाजलंय, तिघांपुरतं आहे. आधी त्यांना वाढ, आणि तू कमी खा.

तुझीच बहीण,
केझाया