ग्विलिम थांबले तेव्हा

९ मे, शुक्रवार
ऑफिसात डबा खाताना तिथल्या कॅट्रिनने गाठलं. तिचे वडील नट, एवढं ऐकून होते. वेल्सचे. सगळी हयात लंडनच्या रंगभूमीवर आणि सिनेमात गेली. तिची आई गेल्यावर तिने त्यांना इथे ख्राइस्टचर्चला आणलं. आता चौऱ्याऐंशी. स्वतःच्या आयुष्यावर एकट्याने प्रयोग करणार म्हणतात. जूनमध्ये दोन, जवळच्या लिटलटनच्या छोट्या हॉलमध्ये.
"समोर संहिता धरून बसायला कुणीतरी हवंय. मी बसले की ओरडतात. तू कॉलेजात नाटकं करायचीस ना?"
नाटकं कसली. नाशिकला एकांकिकांचं प्रॉम्प्टिंग करायचे, कायम विंगेत. पण हो म्हणून बसले.

१३ मे, मंगळवार
पहिली बैठक. दार उघडलं ते मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवलेल्या आजोबांनी. नाव ग्विलिम. (यापुढे ग्वि. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं अजून जमत नाही.) इथे मे म्हणजे थंडीची सुरुवात; हीट पंप चालू, तरी गुडघ्यावर ब्लँकेट. चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला. तो कपाळावरच होता. मनात आलं, हे कसले उभे राहतायत.
माझं नाव विचारलं. ऑफिसात मी नुसती 'वै' आहे, मीच ते सोपं करून दिलंय. यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, माझ्या ओठांकडे बघत. मग म्हणाले, "वैशाली." घरच्या माणसाने आतल्या खोलीतून हाक मारावी तसं. चरकले.
मग सुरुवात. त्यांचे वडील स्लेटच्या खाणीत, म्हणजे आपल्या पाटीचा दगड. ग्वि. उठले, ब्लँकेट खाली पडलं. डाव्या हातात दगड, उजव्यात छिन्नी, दोन्ही नसलेले. एक हलका ठोका. दगडाचं पान सुटं झालं. मी ते सुटताना पाहिलं. आवाजही ऐकला, शप्पथ.
घरी येऊन नवऱ्याला, सचिनला सांगायला गेले. जमलं नाही.

२० मे, मंगळवार
ग्वि.ना शाळेत जाईपर्यंत इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. चर्चमध्ये वेल्श पाठांतरं म्हणायचे, आई शेवटच्या बाकावर. ऐकू आलं नाही तर ती हातरुमाल हलवायची. "माझी एकच गुरू," म्हणाले. लंडनच्या नाट्यशाळेने नंतर बोलण्यातला गाव घासून घासून काढला. मग फिरती कंपनी, दर आठवड्याला नवं नाटक. टीव्हीवर इतकी वर्षं इन्स्पेक्टर होते की रस्त्यात लोक यांच्याकडे चोऱ्यांच्या तक्रारी घेऊन यायचे. सिनेमात बहुतेकदा लवकर मरायचे. "मी फार चांगला मरतो," म्हणाले, आणि खुर्चीत मेले. मी खरंच उठले होते. एक डोळा उघडून म्हणाले, "चहा?"

२७ मे, मंगळवार
आज ग्वि. अडखळले. आईचा भाग. ती गावी वारली त्या दिवशी हे लंडनला प्रमुख भूमिकेत. तार आली, खिशात घातली, प्रयोग केला. प्रेक्षक हसले, टाळ्या वाजवल्या. त्यापुढचं पान येईचना. मी वाक्य दिलं. घेतलं, पुन्हा गेलं. चारदा.
निघताना मला कॅट्रिन म्हणाले. दुरुस्त केलं नाही.

३ जून, मंगळवार
तेच पान. बाकी सगळं चोख, स्वल्पविरामसुद्धा. कॅट्रिनला सांगितलं. तिला कधीपासून कळतंय. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, हे जात नाहीत. कानात वाक्यं सांगणारं छोटं यंत्र घाला म्हटलं तर म्हणाले, "रंगमंचावर माझ्या डोक्यात दुसरं कुणी नको." विंगेतली मी चालते म्हणे.

७ जून, शनिवार. प्रयोग १
दुपारचा. हॉल भरलेला, बाहेर पाऊस, लोक ओल्या जॅकेटांत. लेक ईरा आणि सचिन चौथ्या रांगेत. मी विंगेत, टॉर्च, पानं.
पहिला अर्धा तास काय सांगू. ते म्हातारे नव्हतेच. खाणीत बाप, टेबलाशी इन्स्पेक्टर, चर्चमध्ये चड्डीतलं पोर. कुजबुजले तरी मागच्या भिंतीपर्यंत.
मग आई. तार खिशात घातली. आणि थांबले.
आधी वाटलं, पॉज आहे. मग नव्हता. वाक्य दिलं. काही नाही. जरा मोठ्याने दिलं. त्यांनी माझ्या बाजूचा हात किंचित उचलला. थांब म्हणून? आधाराला? कळलं नाही.
आणि बोलू लागले. वेल्शमध्ये. हळू, साधं, दारात उभं राहून बोलावं तसं. माझ्या पानांवर यातलं काहीच नव्हतं. एक शब्द कळला, 'माम', आई. हॉलमध्ये खोकलासुद्धा नाही. किती वेळ, सांगता येत नाही. मग वळले, आणि पुढच्या पानाचं पहिलं वाक्य, इंग्रजीत, बिनचूक.
शेवटी लोक उभे. घरी आल्यावर ईरा, "Aai, was he really talking to her?"

८ जून, रविवार
कॅट्रिन आली. तिला वेल्श येतं. म्हणाली, ते आईला विचारत होते, घरात अंधार का, चूल का पेटवली नाहीस, मी आलोय तर उठत का नाहीस. "लिहिलेलं नव्हतं ते. खरं सांग वैशाली, विसरले का? विसरले असतील तर दुसरा प्रयोग मी होऊ देणार नाही. लोकांसमोर त्यांचं हसं नको."
तिच्याकडे बघवेना. माझ्याकडे पानं होती, मलाच माहीत असायला हवं. नाही माहीत. तेवढंच सांगितलं.
ती म्हणाली, "लहानपणी माझ्याशी असं बोलायचे. नंतर कधीच नाही." आणि रडली.

१० जून, मंगळवार
सरळ विचारलं त्यांना. "शनिवारी तुम्ही विसरलात का?"
"तू कुठे बघत होतीस?"
"पानाकडे."
"मग तुझं बघायचं राहिलं."
जुना इन्स्पेक्टर हसला. मीही हसले, हायसं वाटलं. थोड्या वेळाने चहा ढवळता ढवळता म्हणाले, "प्रयोग कधी आहे आपला? पहिला?"
कॅट्रिनला सांगितलं. लपवणार नव्हतेच. ती म्हणाली, "त्यांनाच विचारते." विचारलं. ते म्हणाले, करणार.

१४ जून, शनिवार. प्रयोग २
पाऊस उघडलाय, टेकड्यांवर ऊन.
सकाळी कॅट्रिनचा फोन. ग्वि. पहाटेपासून कोट घालून तयार आहेत. मला निरोप दिलाय: आज वैशालीने विंगेत बसायचं नाही. समोर बसायचं, लोकांत, आणि बघायचं. कॅट्रिन हळू आवाजात म्हणाली, "ऐकू नकोस त्यांचं. प्लीज. विंगेतच थांब."
दोघांचं बरोबर आहे. एवढं मोठं काही इतक्या जवळून बघायला मला पुन्हा मिळणार नाही. आणि आज गाडी पुढच्या पानावर आलीच नाही, तर अंधारातून वाक्य देणारं कुणीच नसेल.
सचिन विचारतोय, तुझंही तिकीट काढू का? काढ म्हटलं. मग थांब म्हटलं. आता तो किल्ली घेऊन दारात उभा आहे.