दुसरी शिलाई

आई, गेला महिनाभर मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि तुला त्याचा पत्ताही नाही, याचा मला आणखी राग येतो. तू असतीस तरी ऐकून घेतलं नसतंसच. टोकावड्याच्या ओटीवर मशीनमागे बसून, दातांत टाचण्या धरून, नुसती मान हलवली असतीस. पण निदान मला बोलता आलं असतं. आता शहापूरला माझ्या स्वयंपाकघरात तुझं ते मशीन आहे, टेबलभर कापडाचे तुकडे पसरलेत आणि भांडायला समोर कोणी नाही.

तुझ्या नातीला मुलगी झाली. गोड आहे, पण विकतचा डायपर घातला की तिच्या मांड्या लालेलाल होतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सुती वापरा. सुती लंगोट म्हणजे एकदा शू झाली की सगळं बाहेर. लेक सासरी खर्डीला राहते आणि नोकरी शहापुरात. रोज सकाळी पोरीला माझ्याकडे सोडून तिला कामावर जायचं असतं. बाळंतपणाची रजा संपून पहिल्या दिवशी आली, तीच रिक्षातून मांडीवर मोठा ओला डाग घेऊन उतरली. माझी साडी नेसावी तर माझा ब्लाउज तिला होईना. दुपट्टा आडवा धरून गेली बिचारी. असं आठवडाभर झालं आणि मग दारातच म्हणाली, "आई, असं रोज नाय जमणार मला. ऑफिसात सगळी बघतात. सासूबाई म्हणतात, सोड नोकरी. मला पण वाटतंय आता, सोडून टाकू."

ही नोकरी मिळवायला तिने किती उंबरठे झिजवले ते मी पाहिलंय. मी म्हटलं, थांब, मी शिवते काहीतरी. शिवणाऱ्या बाईची लेक आहे मी, हातभर लंगोट शिवता येणार नाही होय?

नाही आलं. आधी मेणकापड घेतलं, आमच्याखाली तू अंथरायचीस तसलं. त्यातून पाणी जात नाही हे खरं, पण वाराही जात नाही. थोड्याच वेळात पोर आतून उकडलेल्या बटाट्यासारखी. मग बाजारातून छत्रीचं कापड आणलं. छत्रीवरून पाणी घरंगळून जातं म्हणून ती छत्री. पोर मात्र त्याच्यावर वजन टाकून बसते, आणि दाबलं की ओल आरपार. शेवटी लेकीने मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ दाखवला आणि जावयाने कल्याणहून पीयूएल नावाचं कापड आणून दिलं. एका अंगाला साधं कापड, दुसऱ्या अंगाला पातळ चकचकीत थर. पाणी अडतं, वाफ थोडी जाते. चकचकीत बाजू आत, कापडाची बाहेर, हे लेकीने तीनदा बजावलं. तरी पहिलं मी उलटं शिवलं. साटीनच्या ब्लाउजची चकाकी गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे, हे तू माझ्या डोक्यात इतकं भरलंयस की हाताने परस्पर बाजू बदलली. पोरीची चकाकी कोण बघणार होतं, सांग.

मग थरांचा घोळ. अंगालगत फ्लीस, ते लोकरीसारखं मऊ कापड, म्हणजे कातडी कोरडी राहते. मधे पाणी पिणारं जाड काहीतरी. बाहेर पीयूएल. मी मधे टॉवेल घालून सगळं एकत्र शिवून टाकलं, आणि ते श्रावणात दोन दिवस वाळेना. चुलीवर दोरी बांधून वाळवलं तर धुराचा वास. म्हणून टॉवेल काढला आणि तुझं जुनं लुगडं घेतलं, घड्या घालून, एकाच टोकाला टाचलेलं, म्हणजे धुतल्यावर उलगडून वाळतं. बाळाच्या अंगाला आधी जुनेर लागावं असं तूच म्हणायचीस. लुगड्याला कात्री लावताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, इतकी मी वैतागले होते.

एवढं करून पुन्हा गळती. लेक पुन्हा ओली. ती म्हणाली, "राजीनामा लिवायला सांगते यांना. माझ्याच्यानं लिवणार नाय." ती गेल्यावर मी त्या डायपरात तांब्याभर पाणी ओतलं. कापड कोरडं, शिवण ओली. मोकळं करून उजेडाकडे धरलं तर कडेने बारीक भोकांच्या दोन ओळी. टाचण्यांची भोकं वेगळीच. चाळण केली होती मी, चाळण.

दोन ओळी का, हे तुला सांगायला नको. मी शाळेत असताना एका पोराच्या सदऱ्याला एकच शिलाई मारली, तर तू त्याच्या आईसमोर ती ब्लेडने उसवून माझ्या मांडीवर टाकलीस. "एक शिलाई कापडाला, दुसरी आपल्या नावाला," म्हणालीस. "परत मार गो." त्या बाईने माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरले नाही. तेव्हापासून पहिली शिलाई संपली की माझा पाय आपोआप दुसरी चालवतो. आणि आई, तुझ्या त्या नावाच्या शिलाईतून तुझ्या पणतीची शू गळत होती.

मी पुन्हा शिवलं. टाचण्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे. बारीक सुई, लांब टाका, सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा वातीसारखी ओल बाहेर ओढतो. लुगड्याची कड कुठेही बाहेर डोकावणार नाही असं पीयूएल वरून दुमडून घेतलं. आणि एकच शिलाई. शेवटाला आल्यावर पाय थांबेना, तेव्हा मी चक्क खुर्चीवरून उठून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी लेक खर्डीहून आली. पोर कडेवर, ड्रेस कोरडा. रस्त्यात दोनदा केली म्हणाली. चहा प्यायला बसली, महिनाभरात पहिल्यांदा. डायपर उलटून पालटून बघत म्हणाली, "एकच मारलीस? मला तर कायम दुसरी मारायला लावतेस."

राजीनामा लिहिला गेला नाही. पोर माझ्याजवळ झोपलीय, आणि मी हा तुला लिहिलेला कागद घडी करून मशीनच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवणार आहे. तेवढा तरी उपयोग होईल. फक्त एक राहिलं. लेकीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आजी ओल्याच्या कापडाला एकच मारायची." तिला तुझा चेहराही धड आठवत नाही, तिने लगेच खरं मानलं. तू जन्मात कधी एकच शिलाई मारून थांबली नाहीस. पण एकदा तरी तू माझ्या बाजूने बोलावंस असं मला वाटलं, म्हणून तुझ्या वतीने मीच बोलले.