तळ्याच्या गोष्टीला माझी हरकत

प्रिय माधवकाका,

खरं तर आत्ता मी दक्षिणेतल्या उबदार चँडलरच्या वाटेवर असायला हवं होतं. व्हॅन भरून झाली होती, टायर बघून झाले होते. इथे शॉमबर्गला पहिला बर्फ पडायच्या आत मी दरवर्षीसारखी पळणार होते. पण शुक्रवारी दुपारी तुझ्या इंग्लंडच्या ब्रेंडाने जे सांगितलं, त्यानंतर माझा नुसता जळफळाट चाललाय. असं काही झालं की मी तुझ्याकडे येऊन बडबडायचे. आता कुणाकडे जाऊ? म्हणून लिहिते.

तुला माहीतच आहे, मला हेवा पटकन वाटतो. पण आयुष्यात ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त जळले ना, तो माणूसही नाही. तो एक पब आहे, आणि मी तो कधी पाहिलेलासुद्धा नाही.

इंग्लंडमधल्या कुठल्यातरी खेड्यातला 'द प्लाउ'. तू त्याला नांगर म्हणायचास. लग्नाआधी तू तिथल्या फॅक्टरीत नोकरीला होतास, भाड्याच्या खोलीत राहायचास आणि संध्याकाळी नांगरमध्ये जाऊन बसायचास. मग अमेरिकेत आलास, घर घेतलंस, आणि लोक बेसमेंटमध्ये होम थिएटर करतात तिथे तू अख्खा नांगर उभा केलास. लाकडी काउंटर, डार्ट्सचा बोर्ड, काउंटरच्या वर खुंट्यांची रांग आणि खुंटीखुंटीवर नाव घातलेला एकेकाचा पेला. काकू सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे देवाला एक कोनाडा आणि पबला अख्खा मजला."

मी कॉलेज अर्धवट सोडून तुझ्या दारात आले, तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस. "शुक्रवार आहे, खाली चल," एवढंच म्हणालास. खाली तुझे दोस्त साठेकाका आपल्या पेल्यातून ताक पीत बसले होते. पबमध्ये ताक! मला तिथेच ती जागा आवडली.

दर शुक्रवारी तू नांगरचा इतिहास सांगायचास. आधी तिथे घोड्यांना नाल ठोकणारा राहायचा. तो वारला, मग त्याची बायको बिअर करून विकायला लागली. शेतावरून दमून येणारे लोक तिच्या दारात टेकायला लागले आणि त्याचा पब झाला. नदीला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं, त्याची खूण अजून दाराच्या चौकटीवर आहे. एकदा छपराला आग लागली, ती लोकांनी बिअर ओतून विझवली.

"पाणी नव्हतं का?" मी विचारलं.

"होतं की. पण ज्याने ही गोष्ट सांगितली, त्याला कुणी हरकत घेतली नाही."

मग तू ती पद्धत समजावलीस. नांगरमधलं कुणी गेलं की त्याचा पेला खुंटीवरच ठेवायचा, फक्त त्यावरचं नाव भिंतीकडे फिरवायचं. निरोपाच्या संध्याकाळी एकाने त्या माणसाची एक गोष्ट सांगायची, हवी तेवढी ताणून. ज्याची स्वतःची खुंटी आहे आणि जो गोष्टीतल्या प्रसंगी हजर होता, फक्त त्यानेच वर्षभरात हरकत घ्यायची. वर्षाने पेला परत सरळ करायचा. मग ती गोष्ट पक्की, मग तो इतिहास.

लढाईवर गेलेल्या मुलांचे काही पेले अजूनही भिंतीकडे तोंड करून आहेत म्हणायचास. त्यांच्याबद्दल थाप मारायची कुणाची हिंमत झाली नाही. हे सांगताना तुझा आवाज खाली यायचा, आणि साठेकाका उगाच ताक ढवळत बसायचे.

आणि हो, एक राग आहे तो आत्ताच सांगून टाकते. तुझ्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल विचारलं की तुझं उत्तर काय? "चांगले होते." संपलं. आणि त्या नालवाल्याच्या बायकोबद्दल तासभर. हे बरोबर होतं का रे काका?

मुद्द्यावर येते. मला खुंटी हवी होती. निखिलला खुंटी होती, कारण तो त्या घरात वाढला. त्याच्या पेल्यात गोल्फचे बॉल असतात. मी एकदा चिडून बोलले तर तुझा लेक म्हणतो कसा, "सई, इट्स जस्ट अ कप." असं तोच म्हणू शकतो ज्याला ती न मागता मिळालीय.

"मला कधी?" मी तुला दर वर्षी विचारायचे.

"एक हिवाळा काढ. एकही शुक्रवार चुकवायचा नाही."

"उन्हाळ्यात मी रोज येते की."

"उन्हाळ्यात कुणीही येतं गं. रस्ता बर्फाने बंद झाला की कोण येतं, ते बघून तेव्हाची मालकीण, ब्रेंडाची आई, खुंटी द्यायची. मलाही तशीच मिळाली."

आणि मी? दर वर्षी पाहुण्यांच्या ग्लासातून प्यायचे आणि थंडी पडली की निघायचे. चँडलरला लोकांची कुत्री फिरवायची, मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपायचं. चँडलरमध्ये नोव्हेंबरात ऊन इतकं सुंदर असतं ना, पण ते राहू दे, मी भरकटतेय.

शुक्रवारी तुझा निरोप होता. त्यांची संध्याकाळ, आपली दुपार. साठेकाकांनी काउंटरवर लॅपटॉप लावला, काकूने चिवडा आणून ठेवला. निखिल ऑफिसमधून आला. स्क्रीनवर खरा नांगर होता आणि इतकी माणसं होती की काही दारात उभी होती. त्या भिंतीवरही तुझा पेला आहे, काका. तू इतकी वर्षं तिथे नव्हतास, तरी कुणी तो काढला नाही. मला किती राग आला सांगू? त्यांनी तिकडे नाव फिरवलं, निखिलने इकडे फिरवलं, आणि आता आईच्या जागी नांगर चालवणारी ब्रेंडा गोष्ट सांगायला लागली.

तू तरुण असताना एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मागून घेतलास. एकटाच चालवत होतास. समोर बदक आलं, तू त्याच्याकडे बघत राहिलास आणि ट्रॅक्टरसकट गावच्या तळ्यात गेलास. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, डोक्यावरची टोपी काढून तू बदकाला म्हणालास, "सॉरी, मॅडम. यू वेअर हिअर फर्स्ट."

पब हसून कोसळला. काकू हसली. तू ऑगस्टमध्ये गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी हसली, डोळे पुसत.

आणि मी थिजले. कारण ते तळं इंग्लंडमधलं नव्हतं. ते तुमच्या कॉलनीमागचं, पावसाचं पाणी साठवायचं तळं होतं. ट्रॅक्टर नव्हता, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन होतं. बदक नव्हतं, कॅनडा गूज होती, मोठी रानहंसीण. आणि चालवत मी होते! तू माझ्यामागे मशीनवरच उभा राहून बैल हाकल्यासारखा ओरडत होतास. गूजकडे मी बघत राहिले. पाण्यात आपण दोघं होतो. काकूला तू फक्त "मशीन बिघडलं" म्हणून सांगितलंस.

"एनी ऑब्जेक्शन्स?" ब्रेंडाने विचारलं.

मी हात वर केला.

"विच पेग, लव्ह?"

कुठली खुंटी सांगू? मी हात खाली घेतला.

"तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली?" मी तेवढं विचारून घेतलं.

"माधवनेच. फोनवर. हसून हसून त्याला बोलता येईना," ती म्हणाली. मग जरा माझ्याकडे बघून, "यू हॅव गॉट अ इयर, लव्ह."

कॉल संपल्यावर साठेकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मी तिथे नव्हतो, मला हरकत घेता येणार नाही. पण माधवने तुझं नाव मुद्दाम गाळलं असेल. ते मशीन महागाचं होतं. तुला वाचवलं त्याने."

असेल. की ब्रेंडाने मला गोष्टीतून काढलं, तिला तळं आपल्या गावात हवं होतं म्हणून? मला कळायला काही मार्ग नाही. पण तू केलं असशील तर ऐक. मला वाचवायला नको होतं, काका. मला त्या तळ्यात ठेवायला हवं होतंस. तुझ्या सगळ्या इतिहासात माझी तेवढी एकच जागा होती.

काल काकू जिन्यावरून म्हणाली, "सई, तू निघालीस की खालचा हीटर बंद करते. कोण बसणार आता तिथे?"

"राहू दे चालू," मी म्हटलं.

ती दोन पायऱ्या खाली आली. मग म्हणाली, "चँडलरचं काय?"

"कॅन्सल केलं."

व्हॅन रिकामी केली. आता थंडीचे सगळे शुक्रवार मी खाली बसणार आहे, बर्फ कितीही पडो. साठेकाका साक्षीला आहेत. ताक पिऊन का होईना, येतो म्हणालेत. वसंतात ब्रेंडाकडे खुंटी मागेन, आणि तुझ्या शेजारी माझा पेला टांगेन. पुढच्या वर्षी याच सुमाराला तुझं नाव सरळ करायच्या आधी हात वर करून सांगेन, की गूज होती, शॉमबर्ग होतं, आणि चालवत मी होते. तोवर तू भिंतीकडे बघत बस.

तुझी पुतणी,
पाहुण्यांच्या ग्लासवाली सई